सार्वजनिक संस्थांची पारख

श्रोतेहो, वऱ्हाडांतील कापसाच्या जुन्या व्यापाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असे. रुईची गांठ प्रेसमधून बाहेर पडली, कीं तिच्यावर त्या प्रेसची खूण आणि गांठीचा अनुक्रमांक उमटलेला असावयाचा. जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांसंबंधीं १९२५ सालीं झालेल्या कायद्यानें तशी सक्ती केली होती. कारण रुईवर पाणी मारणें, भारी जातींत हलकी जात मिसळणें, हे प्रकार तेव्हां फार बोकाळले होते. त्या खुणेचें मर्म मात्र नीट समजून घेण्यासारखें आहे. "हा कापूस उत्तम आहे" असें ती खूण कधींच सांगत नसे. हा माल कोणत्या प्रेसमध्यें बांधला गेला, आणि आंत खोट निघाल्यास जाब कोणाला विचारावयाचा, एवढेंच ती सांगे. गिरणीवाल्याला तेवढें पुरेसें होतें.

ही गोष्ट आज आठवण्याचें कारण असें, कीं लोकसेवेच्या संस्थांवरही अलीकडे अनेक प्रकारचे शिक्के उमटूं लागले आहेत. दाराशीं पावतीपुस्तक घेऊन येणाऱ्या कार्यकर्त्याच्या हातांतील पत्रक पाहा, किंवा रस्त्याकडेची संस्थेची पाटी पाहा; 'नोंदणीकृत', 'आयकर सवलतीस पात्र', 'नीति आयोगाकडे नोंद', 'आयएसओ ९००१ मानांकित', अशीं विशेषणें एकाखालीं एक मांडलेलीं आढळतात. देणगी देणाऱ्या गृहस्थाला प्रश्न पडतो, कीं यांपैकीं कोणत्या शब्दावर विसंबावें? आणि संस्था चालविणाऱ्याला प्रश्न पडतो, कीं यांतलें काय मिळविण्यासाठीं आपण खपावें? आजचें बोलणें या दोघांसाठीं आहे.

एके काळीं हे प्रश्न आपल्याकडे फारसे उद्भवतच नसत. संस्थेची पत म्हणजे ती काढणाऱ्या माणसाची पत. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं निघालें, तें वैद्य बंधूंच्या नांवावर उभें राहिलें. श्रीशिवाजी शिक्षण संस्था १९३२ ची, तिच्यामागें डॉ. पंजाबराव देशमुख होते. १९४६ सालीं डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनीं विदर्भ महारोगी सेवा मंडळ काढून तपोवन वसविलें, तेव्हां कुष्ठरोग्याची सांवलीही लोकांना नकोशी वाटे. अशा कामाला पैसे देणाऱ्यानें एखाद्या दाखल्याची चौकशी केली असेल, हें संभवत नाहीं. माणूस डोळ्यांसमोर होता, त्याचें वागणें डोळ्यांसमोर होतें. शंकेला जागा नव्हती.

या व्यवस्थेंत उणीव एकच, पण ती मोठी आहे. माणूस जातो आणि संस्था मागें राहते. संस्थापकावरचा विश्वास त्याच्या पश्चात् कोणाकडे जावयाचा? मुलाकडे? पुतण्याकडे? कीं एखाद्या लिखित व्यवस्थेकडे?

या प्रश्नाचें उत्तर आपल्या भागांत ज्यानें अगदीं निःसंदिग्धपणें दिलें, तो माणूस शाळेंत गेलेला नव्हता. गाडगेबाबांचा जन्म १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं झाला आणि बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास मामाच्या घरीं गेलें. लोकांनीं त्यांच्या शब्दावर दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणीं धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबा स्वतः फुटकें गाडगें आणि खराटा एवढ्यावर राहिले. तेथवर सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु त्यांनीं या धर्मशाळा विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या आणि आपल्या कुटुंबियांना त्यांत वारसा ठेवला नाहीं, ही गोष्ट त्यांच्या खराट्याइतकीच महत्त्वाची आहे. आणि कीर्तनांतून ती फार क्वचित् सांगितली जाते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. १९५२ सालीं गाडगे महाराज मिशन स्थापन झालें. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीच्या वाटेवर, वलगांवजवळ, त्यांनीं देह ठेवला, तेव्हां त्या इमारती कोणाच्या याचें उत्तर माणसांच्या आठवणींवर अवलंबून नव्हतें.

संस्थेच्या गुणवत्तेचीं प्रमाणपत्रें मिळविण्याचा जो सर्व खटाटोप आज चालतो, त्याचें मूळ माझ्या मतें येथें आहे. व्यक्तीवरचा विश्वास, ती व्यक्ति नसतांनाही टिकेल अशा रूपांत मांडून ठेवावयाचा. हें ध्यानांत ठेवलें म्हणजे निरनिराळ्या शिक्क्यांची किंमत आपोआप कळूं लागते.

पहिला शिक्का नोंदणीचा. निदान सात माणसांनीं एकत्र यावें, संस्थेचे उद्देश आणि नियमावली लिहून काढावी आणि १८६० च्या संस्था-नोंदणी कायद्याखालीं ती नोंदवावी, ही जुनी रीत. महाराष्ट्रांत अशी संस्था याखेरीज १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखालींही नोंदवावी लागते. हा कायदा मूळचा मुंबई राज्याचा. तो झाला तेव्हां वऱ्हाड मध्य प्रदेशांत होता. १९५६ सालीं आपण मुंबई राज्यांत आल्यानंतर तो इकडे लागू करण्यात आला, आणि पुढें त्याच्या नांवांतील 'मुंबई' जाऊन तेथें 'महाराष्ट्र' आलें. पाटीवर नोंदणीच्या आंकड्यामागें 'एफ' हें अक्षर आणि पुढें कंसांत अमरावती किंवा अकोला असें लिहिलेलें दिसतें, तें या दुसऱ्या नोंदणीचें. आतां, नोंदणी म्हणजे संस्थेचा जन्मदाखला. जन्मदाखल्यावरून मूल निरोगी आहे कीं रोगट, हें कोणी ओळखूं पाहत नाहीं. नीति आयोगाच्या 'दर्पण' या संकेतस्थळावरील नोंदीचीही गोष्ट तशीच. तेथें संस्था आपली माहिती आपण भरते आणि तिला एक ओळखक्रमांक मिळतो. शासकीय अनुदान मागतांना तो लागतो. परंतु आयोगानें संस्थेचें काम पाहून पसंतीची मान डोलाविली, असा त्याचा अर्थ मुळींच नव्हे. पत्रकांत मात्र तो तसा सुचविला जातो.

दुसरी गोष्ट हिशेबतपासणीची, आणि येथें थोडें थांबावेंसें वाटतें. कारण मानांकनाच्या मागें धांवणाऱ्या कित्येक संस्था घरांतलें हें सोनें ओळखत नाहींत. विश्वस्त कायद्याप्रमाणें हिशेब दरवर्षीं तपासून घ्यावे लागतात. कायद्याखालील नियमांपैकीं एकोणिसाव्या नियमांत तपासनिसानें कोणकोणत्या प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं, तें सांगून ठेवलें आहे. हिशेब नियमितपणें ठेवले आहेत काय? तपासणीच्या दिवशीं हातांतील रोकड आणि व्हाउचरें वहीशीं जुळतात काय? स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही आहे काय, आणि ती पुरी आहे काय? संस्थेचा पैसा तिच्या उद्देशाबाहेर कोठें खर्च झाला काय? वर्षाहून अधिक काळ थकलेलीं येणीं किती, आणि सोडून दिलेलीं किती? ठराविक रकमेवरील दुरुस्तीसाठीं वा बांधकामासाठीं निविदा मागविल्या होत्या काय? पैसे कायद्यानें मना केलेल्या जागीं गुंतविले आहेत काय? धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवांचून जमीन वा इमारत कोणाला दिली काय?

श्रोतेहो, हे प्रश्न रुक्ष वाटतात, पण संस्था बुडते ती बहुधा यांपैकींच एखाद्या छिद्रानें. म्हणून देणगीदारानें संस्थेचा ताळेबंद पाहिला नाहीं तरी चालेल. तपासनिसाचें हें प्रश्नोत्तर मात्र अवश्य पाहावें. सर्व उत्तरें एकाच साच्याचीं, गुळगुळीत असतील, तर तपासनीस संस्थेंत येऊन गेला कीं कागद त्याच्याकडे जाऊन आले, असा प्रश्न विचारण्यास हरकत नाहीं.

याच कायद्यांतील बदल-अर्ज हें प्रकरणही वऱ्हाडांतील संस्थांना चांगलेंच भोंवतें. विश्वस्त बदलले, कोणी वारले, नवी कार्यकारिणी निवडून आली, तर नव्वद दिवसांच्या आंत तसा अर्ज द्यावयाचा असतो. संस्थापक हयात असतो तोंवर हें काम कोणाला सुचत नाहीं. तो गेल्यावर दोन गट दोन कार्यकारिणी घेऊन उभे राहतात, दोघांचे बदल-अर्ज वर्षानुवर्षें पडून राहतात, बँक कोणाच्या सहीवर पैसे द्यावे म्हणून अडून बसते, आणि वसतिगृहांतील मुलांच्या भाजीचें बिल थकतें. कोणतेंही मानांकन अशा संस्थेला मिळत नाहीं. कारण परीक्षकाचा पहिलाच प्रश्न असतो, कीं आपणांस संस्थेच्या वतीनें बोलण्याचा अधिकार कोणी दिला?

आयकरासंबंधींच्या शिक्क्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. १९६१ च्या कायद्यांतील १२अ आणि ८०जी हीं कलमें संस्थांच्या तोंडीं इतकीं बसलीं, कीं तींच जणूं गुणवत्तेचीं बिरुदें झालीं. वास्तविक पहिल्यानें संस्थेच्या उत्पन्नावर करमाफी आणि दुसऱ्यानें देणगीदाराला सवलत, एवढाच त्यांचा अर्थ. पूर्वीं ही मान्यता एकदां मिळाली कीं कायमची असे. २०२१ पासून जुन्या संस्थांनाही ती नव्यानें आणि मुदतीपुरती घ्यावी लागली. आणि देणगीदारांची यादी संस्थेनें दरवर्षीं आयकर खात्यास कळविल्यावांचून त्यांना सवलत मिळत नाहीं, असें ठरलें. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यानें कलमांचे आंकडेही बदलले. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा हवा असेल तर आणखी एक नोंदणी लागते आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. परदेशी देणगीचा कायदा २०१० चा, आणि २०२० सालीं तो बराच कडक झाला: पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लींतील मुख्य शाखेंतील खात्यांतच यावयाचा, व्यवस्थापनावर वीस टक्क्यांहून अधिक खर्च करावयाचा नाहीं, आणि एका संस्थेनें तो दुसरीकडे वळवावयाचा नाहीं. मोठ्या संस्थेच्या आधारानें मेळघाटासारख्या ठिकाणीं काम करणाऱ्या लहान मंडळ्यांची वाट या शेवटच्या अटीनें बंद झाली. यांतील कांहीं नियम मला आवश्यक वाटतात, हा शेवटचा अनावश्यक वाटतो.

आतां ज्यांना खऱ्या अर्थानें गुणवत्तेचीं प्रमाणपत्रें म्हणतां येईल, त्यांकडे वळूं. यांची सक्ती कोणी करीत नाहीं. संस्था आपण होऊन परीक्षेस बसते. आपल्या लोकांना ही कल्पना अगदींच नवी नाहीं. १९६७ च्या कायद्यानंतर गांवोगांवच्या सार्वजनिक वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळूं लागले आणि 'ब' मधून 'अ' मध्यें जाण्यासाठीं चिटणीसांची किती धांवपळ होते, तें वाचनालयाच्या प्रत्येक सभासदानें पाहिलें आहे. महाविद्यालयांसाठीं १९९४ सालीं बंगळूरला 'नॅक' ही परिषद स्थापन झाली. सर्वसाधारण सेवाभावी संस्थांसाठीं मात्र बराच काळ असें कांहीं नव्हतें. तें काम स्वयंसेवी क्षेत्रांतील मंडळींनींच अंगावर घेतलें आणि त्यांतून 'क्रेडिबिलिटी अलायन्स' ही संस्था २००४ सालीं नोंदली गेली.

तिनें ठरविलेले निकष दोन पायऱ्यांचे आहेत. कांहीं किमान, कांहीं इष्ट. कामाच्या थोरवीचें मोजमाप करण्याच्या भानगडींत ते फारसे पडत नाहींत. संस्थेचा पत्ता खरा आहे काय, म्हणजे तेथें जाऊन पाहिल्यास ती सांपडते काय, येथून चौकशीला आरंभ होतो. नियामक मंडळाच्या सभा वर्षांतून निदान दोनदां गणसंख्येसह होतात काय, त्यांचीं इतिवृत्तें आहेत काय, अंदाजपत्रक मंडळानें मंजूर केलें आहे काय, हें पाहिलें जातें. मंडळाच्या सभासदांना काय मोबदला मिळतो, संस्थेच्या प्रमुखाला आणि सर्वांत अधिक पगाराच्या माणसांना किती मिळतें, आणि सर्वांत कमी पगाराच्या माणसाला किती, हें वार्षिक अहवालांत उघड करावें, अशी अपेक्षा आहे. अहवाल आणि तपासलेले हिशेब वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आंत मागेल त्याला मिळावे. मंडळांतील बहुसंख्य माणसें एकमेकांचीं नातेवाईक नसावींत, असाही संकेत आहे. आमच्या जिल्ह्यांतील शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणींतील आडनांवें एकाखालीं एक वाचून पाहिलीं, म्हणजे ही अपेक्षा किती अवघड आहे तें लक्षांत येईल. संस्था प्रथम आपलीं कागदपत्रें पाठविते; मग बाहेरचा परीक्षक प्रत्यक्ष येऊन तपासतो; नंतर समिति निर्णय देते; आणि मान्यता मुदतीची असते.

सर्वांत अधिक गैरसमज आहे तो आयएसओ या अक्षरांविषयीं. महाराष्ट्रांतील कितीतरी जिल्हा परिषद शाळांवर आणि ग्रामपंचायतींवर ही पाटी झळकली, आणि पाहणाऱ्याला वाटूं लागलें, कीं जिनीव्ह्याहून कोणी साहेब येऊन शाळा नांवाजून गेले. तसें नाहीं. जिनीव्ह्याची ती संस्था केवळ मानकें लिहिते; प्रमाणपत्र ती कोणालाच देत नाहीं. तें देणाऱ्या संस्था वेगळ्या. त्या देणाऱ्यांचीही पारख व्हावी म्हणून १९९७ सालीं स्थापन झालेल्या भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अंगभूत एक मान्यता-मंडळ आहे. अशी मान्यता नसलेल्या संस्थाही पैसे घेऊन सुबक चौकटीचा कागद देतात. म्हणून प्रमाणपत्र पाहतांना वरच्या ठळक अक्षरांपेक्षां तळच्या लहान अक्षरांकडे अधिक पाहावें: कोणी दिलें, त्याला मान्यता कोणाची, कोणत्या कामापुरतें दिलें, आणि मुदत केव्हां संपते.

हें प्रमाणपत्र मिळविण्याची रीत एका काल्पनिक उदाहरणानें सांगतों. समजा, आकोटजवळ एक संस्था आदिवासी मुलींचें वसतिगृह चालविते. प्रथम तिनें आपण काय करूं म्हणून पत्करलें आहे, तें लिहून काढावयाचें. रात्रीं मुलीला ताप चढला, तर डॉक्टरला बोलावण्याचा निर्णय कोणाचा? अधीक्षिका रजेवर असल्यास कोणाचा? मुलीची तक्रार कोणत्या वहींत लिहिली जाते, ती वही कोण वाचतो आणि किती दिवसांत? धान्य आलें तेव्हां तें तोलून कोणी घेतलें? हें सर्व लिहून झालें, कीं निदान कांहीं महिने त्याप्रमाणें वागावयाचें आणि वागल्याच्या नोंदी ठेवावयाच्या. मग संस्थेच्याच एखाद्या जाणत्या माणसानें, आपल्या स्वतःच्या कामाची नव्हे तर दुसऱ्याच्या कामाची, अंतर्गत तपासणी करावयाची, आणि चालकांनीं बसून तिचा विचार करावयाचा. यानंतर बाहेरचे परीक्षक दोन टप्प्यांत येतात. पहिल्यांत कागद पाहतात, दुसऱ्यांत प्रत्यक्ष वसतिगृह. त्रुटि दिसल्या तर त्या कशा दूर केल्या, तें दाखवावें लागतें. मग तीन वर्षांचें प्रमाणपत्र. आणि मधल्या काळांत दरवर्षीं देखरेखीची भेट.

ध्यानांत आलें असेल, कीं डाळ किती दाट असावी हें मानक सांगत नाहीं. तें इतकेंच विचारतें, कीं तुम्हीं दाट डाळीचा शब्द दिला होता ना, मग ती रोज तशी असते हें कशावरून? पुष्कळांना यांत कांहींच विशेष वाटत नाहीं. मला फार वाटतें. रात्रीं दोन वाजतां कोणाला उठवावयाचें तें भिंतीवर लिहिलेलें असणें, यावर त्या मुलीचा जीव अवलंबून असूं शकतो. पण तेंच काम सल्लागाराकडून तयार वह्या विकत आणून उरकलें, तर भिंतीवर प्रमाणपत्र लागतें आणि अधीक्षिकेला तापाचा नियम कोठें लिहिला आहे हेंही ठाऊक नसतें.

आणि कांहीं सेवा अशी असते, कीं तिच्यासाठीं कोणत्याही तक्त्यांत रकाना नसतो. अचलपूर तालुक्यांतील वझ्झर येथें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या अंबादासपंत वैद्यांचें नांव धारण करणारें एक बालगृह आहे. टाकून दिलेलीं मतिमंद, मूकबधिर, अंध मुलें शंकरबाबा पापळकरांनीं तेथें वाढविलीं. मुलांच्या कागदपत्रांवर पित्याच्या जागीं आपलें नांव दिलें. कायद्याप्रमाणें अठरा वर्षें पुरीं होतांच मुलानें बालगृह सोडावयाचें असतें. ज्याला स्वतःचें नांव सांगतां येत नाहीं, असा मुलगा अठराव्या वाढदिवशीं कोठें जाणार? बाबांनीं त्यांना जाऊं दिलें नाहीं, आणि अशा निराधारांना बालगृहांत आजन्म राहतां यावें असा कायदा करा, ही मागणी वर्षानुवर्षें लावून धरली. २०२४ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. कागदांचा कांटेकोर परीक्षक तेथें गेला, तर वयोमर्यादेच्या रकान्यांत त्रुटि लिहील, आणि त्याच्या बाजूनें तो बरोबरच असेल. अशा वेळीं बदलावयास हवा तो नियम. मात्र वझ्झरचें उदाहरण पुढें करून हिशेबाच्या वहीला फांटा देऊं पाहणारे चालकही मला ठाऊक आहेत. त्यांना तेवढी सवलत देण्याचें कारण नाहीं.

देणगी देण्यापूर्वीं घरबसल्या काय करतां येईल, असें कोणी विचारील. वार्षिक अहवाल मागवावा आणि तो किती दिवसांत येतो तें पाहावें. वसतिगृह असेल तर वेळ न कळवितां, जेवणाच्या सुमारास जाऊन यावें. शिवाय अमरावती व अकोला या दोन्ही ठिकाणीं धर्मादाय कार्यालयें आहेत. तेथें शुल्क भरून संस्थेच्या नोंदवहीचा उतारा मिळतो. त्यावर विश्वस्तांचीं नांवें असतात, मालमत्ता असते, पुढचे विश्वस्त कसे नेमावयाचे तें लिहिलेलें असतें. आणि त्या नांवांपैकीं हयात किती, हें गांवांत एक फेरी मारली कीं कळतें.